समुद्राच्या तळाशी अडलेलं पान

एका घरात दोन भाऊ बसलेले आहेत. दोघांच्या हातात सारखेच फोन आहेत आणि दोघंही एकच वेबसाइट उघडतात. थोरल्याचं पान पापणी लवायच्या आत समोर येतं. धाकट्याच्या पडद्यावर मात्र ते गोल चक्र फिरत राहतं. तो फोन झटकतो, खिडकीपाशी नेतो, बंद करून पुन्हा चालू करतो आणि शेवटी फोनलाच चार शब्द सुनावतो. श्रोते हो, पुष्कळदा त्या बिचाऱ्या फोनचा काही दोष नसतो. दोघांच्या सेवा देणाऱ्या कंपन्या वेगळ्या असतात, आणि पान ज्या वाटेनं येतं ती वाटही वेगळी असते. ती वाट कोणी, कधी आणि कशासाठी पाडली, याचा इतिहास दीडशे वर्षांहून जुना आहे. आज तोच थोडासा सांगायचा आहे.

आम्हा कवींच्या दुनियेत निरोप उशिरा पोचणं ही काही तक्रार करण्याजोगी गोष्ट नाही. गझलेतला कासिद वेळेवर पोचला तर शायरांच्या पोटावरच पाय यायचा. पण व्यापाऱ्याला उशीर परवडत नाही. १८५० साली बर्लिनहून तारेची लाइन आखेन या गावापर्यंत आली होती. दुसऱ्या बाजूनं पॅरिसहून ब्रसेल्सपर्यंत तार होती. मधला सुमारे सव्वाशे किलोमीटरचा पट्टा मात्र कोरडा. शेअर बाजाराचे भाव विजेच्या वेगानं ब्रसेल्सला यायचे आणि तिथून पुढे आगगाडीनं सहा तासांहून अधिक वेळ रखडत जायचे. पॉल ज्यूलियस रॉयटर नावाच्या माणसानं या पट्ट्यासाठी कबुतरं पाळली. कबुतर दोनेक तासांत पोचायचं. पुढे या रॉयटरच्या नावाची वृत्तसंस्था जगभर गेली, ते आपल्याला ठाऊक आहेच. सांगायचा मुद्दा असा, की सगळी वाट वेगवान असून भागत नाही. मधे एक तुकडा जरी पायवाटेचा असला, तरी अख्खा प्रवास पायवाटेच्या हिशेबानं होतो. धाकट्या भावाच्या पडद्यावर फिरणाऱ्या चक्रामागेही बहुधा असाच एखादा तुकडा असतो.

यानंतर माणसानं समुद्रात तार टाकली. त्यासाठी मलायाच्या जंगलातल्या एका झाडाचा चीक उपयोगी पडला. त्याचं नाव गटापर्चा. तांब्याच्या तारेवर त्याचा लेप दिला की खारं पाणी आत शिरत नसे. या चिकासाठी झाडंच्या झाडं तोडली गेली, जंगलं ओस पडली. तो हिशेब तारेच्या दरात कोणी धरला नाही. १८५८च्या ऑगस्टमध्ये आयर्लंड ते न्यूफाउंडलंड अशी अटलांटिकखालून तार जोडली गेली. व्हिक्टोरिया राणीनं अमेरिकेचे अध्यक्ष ब्युकॅनन यांना ९८ शब्दांचा संदेश पाठवला. तो पलीकडे पोचायला सुमारे सोळा तास लागले! तरीही लोकांनी दिवाळी केली, कारण जहाजाला त्याहून कितीतरी जास्त दिवस लागत.

सोळा तास का लागले, यावर तेव्हाच मोठा वाद होता. विल्यम थॉमसन या शास्त्रज्ञानं, जे पुढे लॉर्ड केल्व्हिन झाले, चार वर्षं आधीच गणितानं दाखवलं होतं की लांब केबलमध्ये संकेत पसरट होतो. टिंब टाकलं तर पलीकडे डाग उमटतो. आणि केबलची लांबी दुप्पट केली तर उशीर दुप्पट नव्हे, चौपट होतो. म्हणून तार जाड हवी, विजेचा दाब थोडा हवा आणि पलीकडचं यंत्र अत्यंत नाजूक हवं, असं त्यांचं म्हणणं. कंपनीचे इलेक्ट्रिशियन वाइल्डमन व्हाइटहाउस हे पेशानं डॉक्टर. त्यांना हे पटलं नाही. समोरच्याला ऐकू येत नसेल तर आपण आवाज चढवतो, तसं त्यांनी केलं. दोन हजार व्होल्टपर्यंतचा दाब तारेत सोडला. आधीच नीट न बनलेली ती केबल सप्टेंबर उजाडेपर्यंत मुकी झाली. पुढे १८६६ साली ‘ग्रेट ईस्टर्न’ या अजस्र जहाजानं टिकणारी केबल टाकली, ती थॉमसन यांच्या हिशेबानं. तिच्यावर सुरुवातीचा दर वीस शब्दांना वीस पौंड होता, म्हणजे ‘लवकर’ कोणासाठी हेही तेव्हाच ठरलेलं होतं.

आता आपल्याकडे येऊ. १० मे १८५७ रोजी मेरठच्या छावणीत बंड झालं. ही बातमी लंडनला पोचली तेव्हा जून महिना संपत आला होता. म्हणजे दिल्लीचं तख्त हलत असताना मालकांना दीड महिना पत्ता नाही. त्या धसक्यातून हिंदुस्थानपर्यंत केबल टाकायची घाई सुरू झाली. १८५९-६०मध्ये सुएझहून तांबड्या समुद्रातून एडन, तिथून कराचीपर्यंत केबल टाकली गेली. ती प्रवाळाच्या टोकांवर ताणून बसली, घासली आणि थोड्याच काळात तुकड्यातुकड्यांनी निकामी झाली. गंमत अशी, की इंग्लंडच्या सरकारनं भागधारकांना व्याजाची हमी देऊन ठेवली होती. तार मेली, पण व्याज पुढे कित्येक वर्षं चालू राहिलं.

मग खुष्कीचा मार्ग निघाला. कराची, ग्वादर, इराणचं आखात, फाओ, बगदाद आणि कॉन्स्टँटिनोपल असा. १८६५ साली तो सुरू झाला. ठिकठिकाणचे तारबाबू संदेश ऐकून पुन्हा पुढे पाठवायचे. इंग्रजी न येणाऱ्या माणसानं इंग्रजी मजकूर अक्षर-अक्षर जुळवत पुढे रेटायचा, म्हणजे त्याचं काय होत असेल याची कल्पना करा. कधी संदेश वेळेत यायचा, कधी दिवसच्या दिवस लागायचे, आणि आला तरी वाचता येईल याची खात्री नसायची.

पण त्याच वर्षी मुंबईनं बातमीच्या वेगाचा तडाखा खाल्ला. अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं, तिकडचा कापूस बंद होता, म्हणून इंग्लंडच्या गिरण्या आपल्या कापसावर चालत होत्या. मुंबईत पैशाचा नुसता पूर आला होता. प्रेमचंद रायचंद हे त्या काळचं मोठं नाव. समुद्र बुजवायच्या कंपन्यांचे शेअर लोक डोळे मिटून घेत होते. एप्रिल १८६५मध्ये अमेरिकेतल्या दक्षिणेकडच्या सेनापतीनं शरणागती पत्करली. अटलांटिकची केबल तेव्हा नव्हती, म्हणून बातमी युरोपपर्यंत जहाजानं गेली आणि मग पूर्वेकडे सरकली. कापसाचे भाव कोसळले. १ जुलै १८६५ ही सौदे मिटवायची तारीख मुंबईच्या इतिहासात काळ्या अक्षरांत राहिली. अशा वेळी ज्याच्या हाती तार चार दिवस आधी पडते त्याचं घर वाचतं आणि ज्याच्या हाती चार दिवसांनी पडते त्याचं जातं. एकच बातमी कोणाला लवकर, कोणाला उशिरा, हा खेळ करमणुकीचा कधीच नव्हता.

१८७० साली दोन पक्क्या वाटा झाल्या. एक सीमेन्स बंधूंची, प्रशिया-रशिया-तेहरान अशी. दुसरी समुद्रातली. ‘ग्रेट ईस्टर्न’ मुंबईला आलं आणि फेब्रुवारी १८७०मध्ये इथून एडनच्या दिशेनं केबल सोडत निघालं. जूनमध्ये पोर्थकर्नो, जिब्राल्टर, माल्टा, अलेक्झांड्रिया, सुएझ, एडन, मुंबई अशी साखळी पुरी झाली. लंडनचा निरोप मुंबईला यायला दिवस नव्हे, मिनिटं लागू लागली. ही नावांची माळ जरा लक्षात ठेवा. आज आपल्या फोनमधलं पान युरोपकडून येतं ते बरंचसं याच माळेवरून येतं. तार तांब्याची होती, आता काचेची आहे. वाट तीच. मुंबईहून जेद्दाला हजची जहाजं जात, तीही याच पाण्यातून. ती जहाजं १९९५ साली थांबली आणि त्याच वर्षी १५ ऑगस्टला विदेश संचार निगमनं सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. योगायोगच, पण मला तो लक्षात ठेवावासा वाटतो.

मधल्या काळात आपल्या महाराष्ट्रानं या कामात बराच भार उचलला. १९२७ साली विलायतेशी बिनतारी संपर्क सुरू झाला, त्याचं एक केंद्र पुण्याजवळ खडकीला आणि दुसरं दौंडला होतं. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला नारायणगावजवळच्या आर्वीला उपग्रह केंद्र आलं. उपग्रह छत्तीस हजार किलोमीटर उंचावर. तिथे जाऊन खाली यायलाच पाव सेकंद जातो. परदेशच्या फोनवर जुन्या पिढीचे लोक एकाच वेळी बोलायचे, मग एकाच वेळी गप्प व्हायचे, मग पुन्हा दोघंही ‘हॅलो’ म्हणायचे. ते लाजरेपण नव्हतं, उपग्रहाचं अंतर होतं!

अंतराचा हा हिशेब नीट समजून घेण्यासारखा आहे. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. मुंबई ते लंडन केबलची वाट दहा हजार किलोमीटरच्या वर आहे. म्हणजे जाऊन-येऊन एक दशांश सेकंद तर कितीही पैसे टाकले तरी लागणारच. न्यूयॉर्कला जाऊन यायला साधारण त्याच्या दुप्पट. तुम्ही म्हणाल, एक पंचमांश सेकंदानं काय बिघडतं? बिघडतं असं, की पान एका खेपेत येत नाही. आधी आपलं यंत्र विचारतं, ‘आहात का?’ पलीकडून येतं, ‘आहोत.’ मग कुलूपकिल्लीची देवाणघेवाण, म्हणजे मधल्या कोणाला वाचता येऊ नये म्हणून. मग पानाचा सांगाडा येतो. तो वाचल्यावर कळतं की अजून चित्रं हवीत, अक्षरांचे टाइप हवेत, जाहिराती हव्यात. पुन्हा खेपा. एकामागून एक वीस खेपा झाल्या तर अमेरिकेतल्या सर्व्हरपाशी चार सेकंद नुसते जाण्यायेण्यात गेले. तोच सर्व्हर मुंबईत असेल तर मुंबईकराला त्या वीस खेपा जाणवतही नाहीत. म्हणून ‘माझं कनेक्शन शंभरचं आहे, तरी पान हळू का?’ हा प्रश्न पडतो. नळ मोठा घेतला म्हणून धरण जवळ येत नाही.

याला आणखी एक पदर आहे. १९८६ साली कॅलिफोर्नियात बर्कलेच्या विद्यापीठात आणि शेजारच्या प्रयोगशाळेत, अवघ्या चारशे यार्डांच्या अंतरात, इंटरनेटचा वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून चाळीस बिटांवर घसरला. चाळीस हजार नव्हे, नुसते चाळीस. सगळी यंत्रं एकाच वेळी बोलत होती, गर्दीत माल सांडत होता, सांडलेला माल सगळी यंत्रं पुन्हा पाठवत होती आणि त्यानं गर्दी आणखी वाढत होती. व्हॅन जेकबसन यांनी यावर उपाय शोधला आणि १८९० नव्हे, अगदी अलीकडे, १९८८मध्ये तो मांडला. आपल्या वाण्याच्या उधारीसारखा आहे तो. नव्या गिऱ्हाइकाला वाणी आधी थोडाच माल देतो. पैसे आले की दुप्पट देतो. पुन्हा आले की आणखी. पैसे बुडाले की हात आखडता घेतो. सर्व्हरही तसंच करतो. आधी थोडी पाकिटं सोडतो, पोच आली की वाढवतो. हा नियम न्याय्य आहे, त्यानं इंटरनेट तगलं. पण जो लांब राहतो त्याची पोच उशिरा येते, म्हणून त्याची पत हळूहळू वाढते. आणि ज्याच्या वाटेवर गळती आहे, कमकुवत टॉवर किंवा जुनाट वायर आहे, त्याला बुडीत खातेदार समजून माल कमी केला जातो. खेड्यातल्या टोकाच्या घराला हे दोन्ही एकदम भोवतं.

आता ३० जानेवारी २००८ची गोष्ट. अलेक्झांड्रियाच्या किनाऱ्याजवळ सी-मी-वी-४ आणि फ्लॅग या दोन मोठ्या केबल तुटल्या. दोन दिवसांनी दुबई आणि ओमानच्या मधे फाल्कन नावाची तिसरी तुटली. तिथे पाच-सहा टनांचा एक टाकून दिलेला नांगर सापडला. इजिप्तचं सुमारे सत्तर टक्के इंटरनेट गेलं आणि भारताची जवळपास निम्मी क्षमता गेली, असं तेव्हा सेवादारांच्या संघटनेनं सांगितलं. कटकारस्थानाच्या अफवा खूप उठल्या. खरी लक्षात घ्यायची गोष्ट वेगळी होती. ज्यांची कंपनी चेन्नई-सिंगापूरकडून, प्रशांत महासागरावरून अमेरिकेला जात होती, त्यांना फारसं काही जाणवलं नाही. बड्या सॉफ्टवेअर कंपन्यांनी दोन्ही दिशांच्या वाटा आधीच विकत घेऊन ठेवल्या होत्या. ज्यांनी स्वस्तातली एकच वाट घेतली होती, त्यांची गिऱ्हाइकं अडकली. एकाच रस्त्यावरच्या दोन सायबर कॅफेंपैकी एकात पान उघडत असेल आणि दुसऱ्यात परदेशी विद्यापीठाचा अर्ज भरणारा मुलगा घड्याळाकडे बघत बसला असेल. त्याला अलेक्झांड्रिया कुठे आहे हे ठाऊक असायचंही कारण नव्हतं. त्याच वर्षी डिसेंबरात सिसिली आणि इजिप्तच्या मधे तीन केबल तुटल्या आणि हाच प्रकार पुन्हा झाला.

तेव्हापासून केबल वाढल्या. वर्सोव्याच्या चौपाटीखालून आज कितीतरी केबल मुंबईत येतात. वर मासे सुकत असतात आणि खाली वाळूत जग धावत असतं. पण पश्चिमेकडे जायचं तर वाट अजून तांबड्या समुद्रातून. फेब्रुवारी २०२४मध्ये ‘रुबीमार’ या जहाजावर क्षेपणास्त्र आदळलं. खलाशी जहाज सोडून गेले, जहाज नांगर ओढत वाहत राहिलं आणि तीन केबल तुटल्या. नांगरानंच त्या तुटल्या असं मानलं जातं. ६ सप्टेंबर २०२५ला जेद्दाजवळ पुन्हा केबल तुटल्या, त्यात तीच सी-मी-वी-४ होती. भारत-पाकिस्तानपासून आखातापर्यंत वेग मंदावला. मायक्रोसॉफ्टनं ग्राहकांना कळवलं की वाहतूक दुसरीकडून वळवली आहे, उशीर होईल. पत्रक अगदी १८६५च्या तार कचेरीतून निघाल्यासारखं.

याच्याही पेक्षा मला बोचणारी गोष्ट घरातलीच आहे. सुरुवातीच्या काळात अंधेरीहून दादरला पाठवलेली मेल, दोघांच्या कंपन्या वेगळ्या असतील तर, अमेरिकेला जाऊन परत यायची. दोन कंपन्या एकमेकींशी देशात जोडलेल्याच नव्हत्या. शेजाऱ्याला वाटीभर साखर द्यायची आणि ती न्यूयॉर्कमार्गे, असा मामला. परकी वाट वापरली म्हणून पैसे वेगळे. २००३ साली ‘निक्सी’ ही संस्था उभी राहिली. कंपन्यांनी देशातला माल देशातच एकमेकींच्या हाती द्यावा, एवढंच तिचं काम. हे आठ वर्षं आधी सुचायला काय हरकत होती, हे मला अजून उमगलेलं नाही.

दुसरा उपाय अमेरिकेत निघाला. पान लांबून आणायचं कशाला, त्याच्या नकला जागोजागी ठेवाव्यात. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली एमआयटीत होते. गर्दीनं वेब कोलमडेल, याची चिंता त्यांनी १९९५मध्ये बोलून दाखवली. गणिताचे प्राध्यापक टॉम लेटन आणि त्यांचा विद्यार्थी डॅनियल लेविन यांनी ते मनावर घेतलं. कोणती नक्कल कुठे ठेवायची आणि कोणाला कुठून द्यायची, याचं गणित बसवून १९९८मध्ये ‘अकामाई’ कंपनी काढली. ११ सप्टेंबर २००१ला न्यूयॉर्कच्या मनोऱ्यांवर विमानं आदळली तेव्हा सारं जग बातम्यांच्या वेबसाइटवर तुटून पडलं. सीएनएननं आपलं पान चित्रं काढून जवळजवळ नुसत्या मजकुरावर आणलं. अकामाईचे लोक दिवसभर बातम्यांची पानं तगवून धरत होते. त्यातल्या पहिल्या विमानात एकतीस वर्षांचा डॅनियल लेविन होता.

आज मोठ्या कंपन्यांच्या नकला मुंबई, चेन्नई, दिल्लीत असतात. म्हणून सिनेमा झटकन सुरू होतो आणि शिष्यवृत्तीचा अर्ज मात्र अडतो. अर्जाची वेबसाइट एकाच सर्व्हरवर असते, शेवटच्या दिवशी रात्री बारापर्यंत सगळी पोरं तिथेच दाटतात. तक्रार केली की उत्तर येतं, ‘आमच्याकडे तर चालतंय.’ चालणारच. तपासणारा माणूस सर्व्हरच्या शेजारच्या खोलीत, नव्या संगणकावर बसलेला असतो. शिवाय पानं किती जड करावीत याला काही सुमार राहिलेला नाही. हल्ली साधं पान दोन एमबीच्या वर जातं. १९९५च्या ९.६ केबीपीएसच्या डायल-अपवर ते उघडायला अर्धा तास लागला असता. त्या काळात विद्यार्थ्यांना नुसत्या अक्षरांचं खातं मिळायचं, चित्र नाही, रंग नाही. त्यात कामं होत होती. अर्जाच्या पानावर हलती फुलं आणि मंत्र्यांचे फोटो नसते तर कोणाचं काय अडलं असतं?

आणि तुटलेली केबल दुरुस्त कशी करतात, हे सांगून थांबतो. जहाज त्या जागी जातं आणि लांब दोराला आकडा बांधून तळावरून ओढत नेतं, जसा विहिरीत पडलेला पोहरा आपण गळानं काढतो. १८६६च्या सप्टेंबरात ‘ग्रेट ईस्टर्न’नं आदल्या वर्षी तुटून तीन किलोमीटरहून खोल गेलेली केबल अशीच वर काढली होती. आजही बऱ्याच ठिकाणी आकडाच टाकतात. टोक वर आलं की डेकवरच्या एका बंद खोलीत केसाएवढे काचेचे तंतू एकेक करून विजेच्या ठिणगीनं वितळवून जोडतात. मधे धुळीचा कण चालत नाही. मग जोड पुन्हा पाण्यात सोडतात, आणि किनाऱ्यावरच्या खोलीत बसलेला माणूस दिवा हिरवा झाला का ते बघत असतो.